आंटींचा कॅप्टन

"काल दोन ग्रह गेले."

आंटी सकाळी ऑफिसात येत, पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवत, क्रूसाची खूण करत आणि मग हे वाक्य टाकत. कधी एक ग्रह, कधी दोन, एकदा तर अख्खी सूर्यमालाच गेली होती. नवीन लागलेला माणूस हे ऐकून हादरायचा. मीही हादरलो होतो. नीट ऐकू आलं नव्हतं, पण 'गेले' म्हणजे घरातलंच कोणीतरी, असं समजून मी उठून उभा राहिलो आणि चेहरा पाडून विचारलं, "कसं काय झालं, आंटी?"

"काय व्हायचंय? तोफा वेळेवर पोचल्या नाहीत," त्या म्हणाल्या आणि टाइपरायटरवरचं कव्हर काढायला लागल्या.

सातिवलीला आमचा प्लास्टिकच्या बादल्या आणि मग्गे बनवणारा छोटासा कारखाना होता. त्याचा इंग्रजी पत्रव्यवहार आंटींकडे. पन्नाशी ओलांडलेली, लग्न न केलेली, कडक इस्त्रीच्या साडीतली बाई. घर नंदाखालला, मागे केळीची वाडी. रविवारच्या मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत, बायबलचं पहिलं वाचन बहुधा त्यांचंच असायचं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. शनिवारी हाफ डे सुटण्याआधी त्या ते वाचन आमच्यासमोर म्हणून बघायच्या. पॅकिंगवाली पोरंसुद्धा चूपचाप ऐकायची. अशा बाईच्या तोंडी ग्रह आणि तोफा कुठून आल्या, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं होतं.

झालं होतं ते असं. त्यांचा भाचा आखातात नोकरीला. एका सुट्टीत तो पुस्तकांचं एक खोकं आंटींच्या माळ्यावर टाकून गेला. उपवासकाळात रोज एखादं धार्मिक पुस्तक थोडं थोडं वाचायचं आणि ईस्टरच्या आत संपवायचं, असा आंटींचा लहानपणापासूनचा नेम. त्या वर्षी त्यांनी खोक्यात हात घातला. वर आलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर चिलखत घातलेला, तलवार उगारलेला एक तेजस्वी पुरुष होता. डोक्यामागे उजेड, पायाखाली काहीतरी राक्षसासारखं. आंटींना वाटलं, देवदूत मायकल. त्यांनी पुस्तकाला ब्राऊन पेपरचं कव्हर घातलं, ते घरातल्या वेदीपाशी ठेवलं आणि उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी उघडलं.

पहिल्या प्रकरणातच एक ग्रह जळून खाक झाला.

"मग बंद का नाही केलंत?" मी विचारलं होतं.

"उपवासकाळात सुरू केलेलं पुस्तक मध्येच सोडतात का?" आंटींनी मलाच झापलं. "बरं, पुढे येतील देवदूत, असं वाटलं. ईस्टर आला, पुस्तक संपलं, देवदूत काही आले नाहीत. पण तोवर कॅप्टन आला होता ना!"

कॅप्टन बर्नेल. राखेची पलटण नावाची एक फाटकी पलटण होती, तिचा हा अधिकारी. उजवा कान तुटलेला, हसायचं नाव नाही, सगळ्या विश्वात सगळे पळाले की हा मागे थांबणार. आंटींना त्याच्या शौर्याचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांची काळजी वेगळीच होती. "तीन पुस्तकं झाली, माणूस एकदाही जेवलेला नाही," त्या म्हणायच्या. "लिहिणाऱ्यांना एवढंही सुचू नये?"

त्या पुस्तकांच्या मागच्या पानावर एक जाहिरात असायची. तिच्यावरून आम्हाला कळलं, की हे सगळं मुळात टेबलावर खेळायच्या एका खेळाचं विश्व आहे. बोटभर उंचीचे सैनिक रंगवायचे, टेबलावर मांडायचे, टेपने अंतर मोजायचं आणि फासे टाकून ठरवायचं, कोण मेला. तो खेळ आमच्यापैकी कोणीच कधी पाहिला नव्हता. आंटींना तर तो अपमानच वाटला. "शिंप्यासारखं टेप लावून माणसं मारतात? ते टेबल त्यांचं त्यांना लखलाभ. आपल्याला त्यातली माणसं पुरे."

खोक्यातली पुस्तकं संपल्यावर त्यांनी स्टेशनजवळचा जुन्या पुस्तकांचा दुकानदार पकडला. वाडीतली केळी सुकवून केलेली घरची सुकेळी देऊन त्याला असा वश केला, की चिलखतवाल्याचं चित्र असलेलं पुस्तक आलं की तो ते आंटींसाठी बाजूला काढून ठेवायचा. बिचाऱ्याला इंग्रजी येत नव्हतं. त्यात दोनदा शरीरसौष्ठवाची पुस्तकं निघाली, ती आंटींनी न बोलता मला दिली.

मी तेव्हा नुकताच आचोळ्याला फ्लॅट घेऊन राहायला आलो होतो. घरात कॉम्प्युटर आणला, आणि त्याच विश्वावरच्या एका व्हिडिओ गेमची सीडी कुठूनशी मिळवली. आंटींना हे सांगायची चूक केली. पुढच्या शनिवारी हाफ डे संपल्यावर त्या सुकेळ्यांची पुडी घेऊन दारात हजर.

गेम लढाईचा होता. आंटींना लढायचंच नव्हतं. "ते राहू दे. त्या डोंगरामागे काय आहे, दाखव बघू. पुस्तकात तिथे नदी आहे." मग मी रणगाडे सोडून नदी शोधत फिरायचो आणि मागे आमचा तळ जळायचा. एके दिवशी पडद्यावर चक्क कॅप्टन बर्नेल अवतरला. आंटींनी माऊस माझ्या हातातून काढून घेतला. त्याच्यावर क्लिक केलं की तो घोगऱ्या आवाजात 'हजर आहे' अशा अर्थाचं काहीतरी म्हणायचा. आंटी पुन्हा पुन्हा क्लिक करत राहिल्या. मग त्यांनी त्याला एका भिंतीआड नेऊन उभा केला.

"आंटी, तो आपला सगळ्यात भारी माणूस आहे. त्याला पुढे पाठवायला हवं."

"उभा राहू दे त्याला जरा. दमला असेल."

दर शनिवारी आम्ही हरायचो. माझी बायको चहा घेऊन आली की विचारायची, "आज कितीजण मारून आलात?" आंटी समाधानाने सांगायच्या, "आमचा एक वाचला."

आणि मग एका सोमवारी आंटी आल्या, पर्स अडकवली, क्रूसाची खूण केली आणि काही बोलल्याच नाहीत. डब्याच्या वेळी मी विचारलं, तर डोळे भरून आले. चौथ्या पुस्तकात कॅप्टन गेला होता. पलटण पार होईपर्यंत त्याने एकट्याने पूल धरून ठेवला आणि पुलासकट दरीत कोसळला.

"प्रेत सापडलं का?" मी म्हटलं. "नाही ना? मग बघा, येईल परत."

"पुस्तकात गेला असं लिहिलंय. मी कोण बोलणार?" त्यांनी नाक पुसलं. "मला सांग, त्याच्या मागे कोण आहे? बायको नाही, गाव नाही. त्याचं करणार कोण?"

मला वाटलं, विषय तिथेच संपला. आंटींनी मात्र त्याचं केलं. त्या चर्चच्या ऑफिसात गेल्या आणि त्याच्या नावाने मिस्सा सांगून आल्या.

तुमच्या लक्षात येतंय ना? गावात मिस्सा कोणासाठी आहे ते सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. रविवारी फादरांनी वाचलं, "कॅप्टन बर्नेल यांच्या आत्म्याला चिरशांती मिळावी म्हणून." सगळ्या बाकांवर चुळबुळ झाली. नंदाखालमध्ये कुठल्या घरातला कोण, हे पोराटोरांनाही ठाऊक. हा कॅप्टन कुठल्या घरचा? चर्चच्या ऑफिसात चौकशी झाली आणि दुपारपर्यंत कळलं, की मिस्सा आंटींनी सांगितली आहे.

संध्याकाळी बायका दुखवट्याला आल्या. पुढे होत्या शेजारच्या म्हाताऱ्या मावशी. त्यांनी आंटींचा हात धरला आणि हळू आवाजात विचारलं, "बोटीवर होता ना गो तो?"

आंटींनी पदर डोळ्यांना लावला. पाणी खरोखरचं होतं, आणि तेवढं सगळ्यांना पुरलं. दोन दिवसांत गावाने गोष्ट पुरी केली. कॅप्टन बोटीवर होता, तरुणपणी आंटींना शब्द देऊन गेला, आंटी त्याच्यासाठी बिनलग्नाच्या राहिल्या. मावशींना तर तो एकदा वाडीत येऊन गेल्याचंही आठवायला लागलं. उंच होता म्हणे.

फादरांनी निरोप पाठवला, की रविवारच्या आधी भेटून जा.

त्या शनिवारी आंटी आमच्याकडे आल्या, पण कॉम्प्युटरकडे बघितलंसुद्धा नाही. "आता वाचन काढून घेणार माझं," त्या म्हणाल्या. "खरं सांगितलं तर फादर म्हणतील, बाई वेडी आहे, पुस्तकातल्या बाहुल्यांना मिस्सा सांगते. बोटीवरचा होता म्हटलं तर सगळं निभावेल. पण फादरांसमोर खोटं बोलायचं, आणि दुसऱ्या दिवशी तिथेच उभं राहून देवाचा शब्द वाचायचा?" वाचनाशिवाय रविवार कसा काढायचा हे त्यांना सुचत नव्हतं.

बायको दळण आणायला निघाली होती. पायात चप्पल घालता घालता ती म्हणाली, "आंटी, खरं सांगून टाका. थोडं वेड असलेल्या माणसाला वाचायला देतात. खोटं बोलणाऱ्याला देत नाहीत."

आंटी तशाच उठल्या आणि रिक्षाने गेल्या.

फादरांनी सगळं ऐकून घेतलं म्हणे. पूल, पलटण, तुटलेला कान, सगळं. मग त्यांनी विचारलं, "त्याचा बाप्तिस्मा झाला होता का?"

"तसं काही लिहिलेलं नाही, फादर."

"हं." फादर हसू दाबत होते की रागावले होते, हे आंटींना शेवटपर्यंत कळलं नाही. "मिस्सा वाया जात नसते. ज्याचं कोणी नाही अशा एखाद्याला पोचली असेल. पण गावाला मी काही सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं. आणि उद्याचं वाचन लांब आहे, घरून तयारी करून या."

रविवारी मी आणि बायको मुद्दाम नंदाखालला गेलो, शेवटच्या बाकावर बसलो. आंटी उठल्या, पुढे गेल्या आणि कोणत्यातरी जुन्या राजाच्या लढाईचं वाचन त्यांनी असं वाचलं, की मला तोफा वेळेवर न पोचल्याची काळजी वाटायला लागली.

मिस्सानंतर त्यांनी मावशींना गाठलं आणि स्पष्ट सांगितलं, "मावशी, कॅप्टन पुस्तकातला होता. खरा नव्हता."

मावशींनी त्यांच्या गालावरून हात फिरवला. "लाजतेस कशाला बाय? आता वय राहिलं का लाजायचं?"

आंटींनी आणखी दोघींना सांगून पाहिलं. त्यांनीही समजूतदारपणे माना डोलावल्या. शेवटी आंटींनी नाद सोडला. मला तर वाटतं, गावाने आयता दिलेला तो बोटीवरचा माणूस त्यांना हळूहळू आवडायलाही लागला. कोणी कॅप्टनचा विषय काढला की त्या पदर सारखा करून नुसतं हसायच्या.

पुढच्या वर्षी दुकानदाराने पाचवं पुस्तक काढून ठेवलं. सोमवारी आंटी धापा टाकत ऑफिसात शिरल्या, क्रूसाची खूण करायचं विसरल्या. "जिवंत आहे! झाडीत अडकला होता!" मग एकदम गंभीर झाल्या. "मेला मेला म्हणून मी मिस्सा सांगितली, आणि हा तिकडे पाय मोडून बसला होता. आता फादरांना कुठल्या तोंडाने सांगू?" या वेळी त्यांनी नाही सांगितलं. आम्हीही नाही सांगितलं. ऑफिसात मात्र त्या दिवशी सगळ्यांना सुकेळी मिळाली.

आंटी रिटायर झाल्या. कारखाना गेला, आम्ही पांगलो. शनिवारच्या त्यांच्या फेऱ्या चालू होत्या, मग गुडघ्यांमुळे त्या कमी झाल्या. एका पावसाळ्यात भाच्याचा फोन आला, की झोपेतच गेल्या.

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. ज्यांच्या मागे कोणी नाही असं मी इतकी वर्षं समजत होतो, त्यांच्यासाठी बाहेर वाडीपर्यंत माणसं उभी होती. मला रडू आवरेना. गर्दीत मावशी भेटल्या, आता पार वाकलेल्या. त्यांनी मला ओळखलं आणि माझा हात धरून म्हणाल्या, "रडतोस कशाला? कप्तान तिकडे कधीचा वाट बघत असेल. आता भेटतील दोघं."

मी मान हलवली.

ती पुस्तकं आता मी वाचतो. आंटी गेल्यानंतरही ती यायची थांबलेली नाहीत. नवा भाग हातात आला, की मी आधी शेवटचं पान उघडतो. मागच्याही भागात पूल पडले, ग्रह गेले, पलटणीतलं जवळजवळ कोणी उरलं नाही, आणि कॅप्टन बर्नेल मात्र धडधाकट. एवढा शूर माणूस. पण आंटी तिकडे एकट्या पोचल्यात, हे त्याला आता कोण सांगणार?