थोरलीचे डोळे

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कुणाचे असतील तर ते गयाबाईंचे. गयाबाई म्हणजे माझी आजी. आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो. वडील गेल्यावर रेणापूरच्या घरात तिनं मला आणि आईला सावरलं, कागदाच्या लगद्याचे महालक्ष्म्यांचे मुखवटे करून विकले आणि मला पदवीपर्यंत शिकवलं. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. तरीही तिच्याविषयी लिहायला बसलो की कृतज्ञतेच्या आधी मनात कडवटपणा येतो. तो लपवून देवीच्या कृपेविषयी लिहिणं मला जमणार नाही.

आक्का रद्दी आणि माझ्या जुन्या वह्या भिजत घालायची. कीड लागू नये म्हणून त्यात मेथ्या वाटून मिसळायची, डिंक घालून मळायची. माझी गणितं, माझे निबंध, सगळ्याचे तिनं देवीचे गाल केले. नाक, ओठ, हनुवटी अशी जिवंत उतरायची की गल्लीतल्या बायका ओल्या मुखवट्यालाच हात जोडायच्या. फक्त डोळे ती मोकळे ठेवायची. महालक्ष्म्या बसायच्या आदल्या संध्याकाळी काजळानं डोळे काढायचे आणि ते सवाष्णीनंच काढायचे, अशी आमच्या घरची रीत होती. आजोबा गेले त्या वर्षी आक्काच्या हातातली काडी काढून घेतली गेली. तेव्हापासून चेहरा तिचा आणि डोळे काकूचे. काकू घाईघाईत रेघ ओढायची, आणि देवी भलतीकडेच बघत बसायची. आक्का हे सगळं दाराआडून बघायची. दर वर्षी म्हणायची, "एकदा मला काढू द्या." आणि दर वर्षी माझे चुलते, तात्या, म्हणायचे, "पुढच्या सालाला बघू."

दोन वर्षांपूर्वी श्रावणात नवे मुखवटे वाळत ठेवले आणि तिच्या अंगावरून वारं गेलं. तिला लातूरला दवाखान्यात ठेवलं. मी नांदेडला शाळेत नोकरीला होतो, रजा टाकून आलो. डाव्या अंगाची संवेदना गेली होती. उजवा हात चालत होता, पण थरथरत होता. खरं सांगतो, तेव्हा माझा देवीवरचा विश्वास उडाला होता. जिनं जन्मभर तिची तोंडं घडवली, तिच्याच हाताला हे भोग? आक्कानं मात्र एकच मागितलं. "थोरली अन् धाकटी, दोघींना घेऊन ये. आता तरी काढू दे." थोरली आणि धाकटी म्हणजे आमच्या दोन महालक्ष्म्या. मी घरी गेलो आणि मुखवटे धोतराच्या फडक्यात बांधून घेऊन आलो.

काजळाची काडी तिच्या बोटांत दिली, पण टोक कपाळावर जायचं, नाकावर जायचं. आक्का रडायला लागली. मी हात धरला तर टोक आणखीच भलतीकडं गेलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सोबतीला तिची बहीण होती. खैरूनबी नावाची, बांगड्या भरणारी. ती उठून आली आणि तिनं न विचारता आक्काचं मनगट आपल्या मुठीत घेतलं.

"अम्मा, हात ढिला सोड. बांगडी भरताना बायका अशाच ताठ धरतात, मग काच फुटती."

"किती साल झाले या हातात कुणी बांगडी भरली न्हाई," आक्का म्हणाली.

"मग मनगट इसरलं आसंल. मी हाय ना." खैरूनबी हसली. "पण तुमच्या देवीला सुरमा लावायला मी हात लावला म्हणून कुणी वरडंल का?"

"वरडू दे. सुरमाच हाय, धर नीट."

अंगठ्यानं मनगटाची नस दाबत ती आक्काचा हात हळूहळू पुढं नेत होती. थरथर थांबली. ती कशी थांबली हे मला सांगता येणार नाही, आणि सांगायचंही नाही. थोरलीचे दोन्ही डोळे उतरले. शांत, थोडे दमलेले, आणि सरळ आमच्याकडे बघणारे. धाकटीच्या वेळी आक्काचा हात गळाला. खैरूनबीनं तो अलगद चादरीवर ठेवला.

मुखवटे घरी नेले, तेव्हा तात्यांनी थोरलीकडं एकदाच बघितलं. "लई शिकून आलास म्हणून घरची रीत मोडतो का? रांडमुंड बाईनं काढलेले डोळे पूजेत ठेवू?" त्यांनी बाजारातून पितळी मुखवटे आणले. आक्काचे माळ्यावर गेले. मी भांडलो, पण घर त्यांचं होतं.

दवाखान्यात परतलो तेव्हा आक्कानं माझं तोंड बघूनच ओळखलं. "न्हाई बसवल्या ना? नको भांडूस. आपलं काम डोळे काढायचं. कुठं बघायचं ते ती बघंल." महालक्ष्म्यांच्या विसर्जनाच्या दिवशी ती गेली. आणि जे तिच्या हाताला अशुभ म्हणत होते, तेच अंगणात उभं राहून म्हणाले, "भाग्याची बाई, लक्ष्म्यांसोबत गेली." 

त्या मनगटावरचा अंगठा मात्र मी देवीचाच मानतो. खैरूनबीचे आभार मानायला गेलो तर तिच्या बहिणीची खाट रिकामी झालेली होती.

यंदा मुखवटे मी नांदेडला, आई आणि मी राहतो त्या भाड्याच्या खोलीत आणले. माळ्यावर पडून धाकटीच्या कानाजवळ भेग गेली होती. आक्का आता नव्हती, आणि असती तरी तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिला लिहिलेलं पत्र पोस्टात टाकायचा प्रश्नच नव्हता. ते मी भिजवलं, मेथ्या वाटून घातल्या आणि त्या भेगेत भरलं. ते असं होतं:

आक्का,

तुझी थोरली यंदा आमच्याकडं बसणार. धाकटीचे डोळे आई काढणार आहे. आधी नको म्हणाली, "मी पण तशीच, कोण काय म्हणंल." मी म्हणालो, इथं म्हणणारं कुणी नाही. मग तिनं काजळाची डबी घासून ठेवली.

तात्यांना निरोप दिलाय. मनातला राग गेला म्हणून नाही, तू भांडू नको म्हणालीस म्हणून. येतील की नाही, ते मी आता देवीवर सोडलंय. तेवढंच तुझ्याकडून शिकलो, तेही अर्धंमुर्धं.

एक सांगायचं राहिलं. आमच्या खोलीला दार एकच आहे, आणि त्याच्याआड उभं राहायला जागा नाही. तू समोर येऊन बस.

तुझा नातू