सेफ्टी व्हॉल्व्हची हौस

गेज ग्लासमध्ये पाणी दोन बोटं उरलं होतं. गेज ग्लास म्हणजे ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर बसवलेली उभी काचेची नळी. बॉयलरमध्ये पाणी किती, ते तिच्यात दिसतं. गाडी एका लहानशा स्टेशनात उभी होती. ऊन वैशाखाचं. इंजिनाच्या मागं कोळसा-पाण्याचा डबा असतो, त्याला टेंडर म्हणतात. त्यात मी काठी घालून पाहिली. ती तळाला टेकली आणि कोरडीच वर आली.

आमचे ड्रायव्हर करीमसाहेब. त्यांनी आधी काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी पूर्णा शेडला फायरमन होतो. फावड्यानं कोळसा टाकायचा, वाफ हवी तेवढी ठेवायची आणि पाण्यावर नजर ठेवायची, हे फायरमनचं काम. करीमसाहेब निजामाच्या अमदानीपासून इंजिन चालवत होते. रिटायर व्हायला चार महिने राहिले होते आणि एवढ्या नोकरीत त्यांचा लेड प्लग एकदाही गेला नव्हता.

लेड प्लग ही बॉयलरमध्ये आगीच्या बरोबर वर बसवलेली शिशाची गुंडी. तिच्यावर पाणी असेल तोवर ती शाबूत राहते. पाणी उतरलं की शिसं वितळतं आणि वाफ खाली येऊन आग विझवते. बॉयलर फुटण्यापासून वाचतो, पण इंजिन जागच्या जागी मरतं आणि ड्रायव्हरच्या हातात चार्जशीट पडतं. ते टाळायचं तर आपणच सगळी आग खाली पाडून टाकायची. म्हणजे पूर्ण्याहून दुसरं इंजिन येईपर्यंत एकेरी लाईन बंद आणि बायकापोरांनी भरलेली गाडी उन्हात. करीमसाहेबांच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच होतं.

पाणी का संपलं, हे सांगायला मला थोडं मागं जावं लागेल.

आमचं गाव रुळांपासून हाकेच्या अंतरावर. वडील, म्हणजे अण्णा, शाळामास्तर. शाळा सुटली की मी भरावावर जाऊन बसायचो. गाडी दिसायच्या आधी बुडाखालची खडी थरथरायला लागायची. मग वळणावर धूर, आणि मग ते काळं धूड आमच्या अंगावर येतंय असं वाटायचं. गावासमोरच सिग्नल होता. सिग्नल मिळाला नाही तर गाडी आमच्यापुढं उभी राहायची. उभ्या इंजिनात वाफ साचते. ती फार झाली की बॉयलरच्या डोक्यावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. पांढरी वाफ ताडासारखी सरळ वर जायची आणि असा आवाज व्हायचा की शेजारचा पोरगा ओरडला तरी ऐकू येत नसे. वाफेचे कोमट थेंब आमच्या तोंडावर पडायचे. इंजिन खुशीत आलंय, असं आम्ही म्हणायचो. मी तो ओलावा पुसत नसे. घरी जाईपर्यंत वाळून जायचा, त्याचंच वाईट वाटायचं.

मॅट्रिक झालो तेव्हा अण्णांनी तहसील कचेरीत कारकुनाची जागा बघून ठेवली होती. मी शेडमध्ये इंजिनं पुसायला लागलो. अण्णा सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. फायरमन झाल्यावर मात्र एक दिवस गाडीतून पाहतो तर भरावावर शाळेची पोरं आणि त्यांच्या मागं, छत्री उघडून, अण्णा. त्यानंतर माझी गाडी असेल त्या दिवशी ते येऊन उभे राहायचे.

मग मला खोड लागली. गाव यायच्या आधी मी फावड्यामागून फावडं टाकायचो आणि भरावासमोर बरोबर सेफ्टी व्हॉल्व्ह उडवायचो. पोरं नाचायची. अण्णा छत्री घट्ट धरायचे.

करीमसाहेबांनी एकदा समजावलं होतं. "दत्ता, ते वाफ दिसायला लय खूबसूरत दिसतंय. पर ते आपलं पाणी हाय. वर गेलं की वापस येत न्हाई." मी मान हलवली होती. मान हलवायला काय लागतं?

त्या दिवशी परभणीतच सांगितलं होतं, की पुढच्या स्टेशनावरचा पाण्याचा पंप दुरुस्तीला काढलाय, भरलेलं पाणी दोन टप्पे पुरवायचं. मी टेंडर काठोकाठ भरलं. आणि गाव आलं तशी नेहमीप्रमाणे आग भडकवली. अण्णा होते. व्हॉल्व्ह उडाला. करीमसाहेब माझ्याकडे बघून पुन्हा समोर बघायला लागले.

पंप काढलेल्या त्याच स्टेशनात समोरून येणाऱ्या गाडीसाठी आम्हाला थांबवलं. ती गाडी लेट. टाकलेला कोळसा काही परत काढता येत नाही. आगीला जाणारी हवा बंद केली, टेंडरमधलं गार पाणी सोडून बॉयलर वरपर्यंत भरला, तरी व्हॉल्व्ह उडतच राहिला. तासाहून जास्त वेळ माझं लाडकं पांढरं झाड डोक्यावर उभं होतं. मला पहिल्यांदाच तो आवाज नकोसा झाला.

तिथून निघालो ते कसेबसे या स्टेशनापर्यंत आलो आणि काठी कोरडी निघाली.

स्टेशन मास्तर म्हणाले, पलीकडच्या वस्तीला एकच विहीर आहे, तीही या दिवसांत तळाला जाते, देतील असं वाटत नाही. करीमसाहेबांनी डोक्याचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला आणि मला म्हणाले, "जा. तूच माग. पाणी तू उडवलंस."

विहिरीवर सात-आठ बायका होत्या. पोहरा वर आला की अर्धाच भरलेला. त्यांच्या घागरी रांगेत ठेवलेल्या. मी कोळशानं काळा झालेला, तसाच उभा राहिलो. त्यांच्यात एक म्हातारी होती, सगळ्या तिला राहीकाकू म्हणत होत्या. तिनंच विचारलं, "काय रं, पाणी प्यायचंय का?"

"मला न्हाई काकू. इंजिनाला."

बायका हसल्या. ती हसली नाही. इंजिनाला किती लागतं, म्हणून तिनं विचारलं. मी खरं सांगितलं, लय लागतं. मग तिनं विचारलं, "आन् सरलं कसं? तुमच्या सरकारी गाडीत पाणी भरीत न्हाईत का?"

पंपाचं नाव सांगता आलं असतं. लेट गाडीचं सांगता आलं असतं. दोन्ही खोटं नव्हतं.

"भरलं होतं," मी म्हणालो. "मी वाया घालवलं. हौसेपायी."

ती विहिरीत डोकावली. मग लांब उभ्या गाडीकडे, खिडक्यांतून बाहेर आलेल्या पोरांकडे पाहिलं. "तान्हेलं जनावर दारातून तसंच जाऊ द्यावं का?" असं ती बायकांना म्हणाली आणि आपली भरलेली घागर उचलून तिनं माझ्या बादलीत रिकामी केली.

मग गार्डनं उतारूंना सांगितलं आणि गाडीतून माणसं उतरायला लागली. स्टेशनातल्या आगीच्या लाल बादल्या, रॉकेलचे डबे, कुणाची पितळी कळशी, एका नवरदेवाकडच्या वऱ्हाडाचं मोठं पातेलं. विहिरीपासून इंजिनापर्यंत रांग लागली. विहिरीचा दोर बायकांनी कुणाच्या हातात दिला नाही. कोणी पाणी शेंदायचं आणि कोणी लांब उभं राहायचं, याचे नियम तेव्हा कडक होते. पण विहिरीपासून पुढं बादली कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली, ते त्या दिवशी कुणी विचारलं नाही. मी टेंडरवर चढून ओतत होतो. पत्रा पायाला चटके देत होता. खाली करीमसाहेब गेज ग्लाससमोरून हलले नव्हते. पाणी दीड बोटावर आलं. मग एका बोटावर.

टेंडरच्या तळाशी वीतभर पाणी झालं तेव्हा त्यांनी इंजेक्टर उघडला. इंजेक्टर टेंडरमधलं पाणी बॉयलरमध्ये ढकलतो. तो दोनदा फुरफुरला, तिसऱ्यांदा त्यानं पाणी धरलं. नळीतलं पाणी हळूहळू वर चढायला लागलं. करीमसाहेबांनी डोळे मिटले.

निघताना त्यांनी नेहमीची लांब शिटी दिली नाही. इंजिनातून खाली उतरून राहीकाकूंना हात जोडून आले आणि मग गाडी सोडली. पुढच्या मोठ्या स्टेशनापर्यंत मी फावडं मोजून मारलं. व्हॉल्व्ह एकदाही उडाला नाही.

गाडी दोन तास लेट. शेडच्या फोरमननं लेखी खुलासा मागितला. माझ्या चुकीमुळं झालं, असं मी लिहून देतो म्हणालो. करीमसाहेबांनी कागद माझ्या हातातून घेतला. "पाणी कमी पडलं, गावकऱ्यांनी दिलं," एवढंच लिहून खाली सही केली.

"साहेब, पण चूक तर माझी हाय."

"तू विहिरीवर बोललास न्हवं? जिचं पाणी घेतलं, तिला सांगून झालं. बस."

त्यांच्या सर्व्हिस शीटवर पहिली आणि शेवटची वॉर्निंग लागली, ती माझ्यामुळं. लेड प्लग मात्र शाबूत राहिला. चार महिन्यांनी ते तसेच रिटायर झाले.

पुढं मीही ड्रायव्हर झालो, वाफेची इंजिनं गेली, मी निवृत्त झालो. अजून संध्याकाळी स्टेशनावर जाऊन बसतो. नोकरीत असताना हाताखालच्या प्रत्येक नव्या फायरमनला मी एकच गोष्ट सांगायचो: इंजिन गरजत असेल तर आत काहीतरी जास्तीचं झालंय, आणि ते बहुतेक तुमच्याच हातानं झालंय.

त्या घटनेनंतर आठवड्याभरानं घरी गेलो होतो. अण्णा जेवताना म्हणाले, "परवा तुझी गाडी गेली. आम्ही सगळे उभे होतो. इंजिन नुसतंच निघून गेलं. बिघडलंय का?"

"नाही अण्णा," मी म्हणालो. "आता कुठं नीट चालायलंय."

त्यांनी ताटातला भात कालवला. मग म्हणाले, "पोरं वाट बघत होती." मला माहीत होतं, छत्री घेऊन वाट कोण बघत होतं ते.