पेरूचोर आजीच्या नाकावरचं कुंकू

पुस्तकातली आजी शेजाऱ्याच्या झाडावरचे पेरू चोरते, ओच्यात लपवते, वर "मी नाही बाई" म्हणते आणि शेवटपर्यंत कुणाला सापडत नाही. एवढीच गोष्ट. पण माझ्या नातीने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचलेलं हे पहिलंच पुस्तक. एरवी पुस्तक समोर आलं की तिला तहान लागते, नाहीतर शू.

आणि नेमकं तेच आमच्या कुरुळीच्या वाचनालयातून काढायला निघाले. तक्रार कमिटीतल्याच एकाची. इथलाच शेतकऱ्याचा मुलगा, आता वर्कशॉपचा मालक. माणूस सरळ. ग्रुपवर कुणीतरी एका पानाचा फोटो टाकला होता, तेवढाच त्याने पाहिलेला.

"मावशी, पोरांनी काय शिकायचं यातनं? अन् ह्यो तुमच्यासारख्या म्हाताऱ्या मानसांचा अपमान न्हाई का?"

"झाला असता तर मला कळला असता ना रे?"

"तुमी लय साध्या. दसऱ्यानंतर मीटिंग हाय. थेट रद्दीत घालू."

त्याला हसायला मला तोंड नव्हतं. तरुणपणी मी लेकीला गोष्टी सांगायचे, तेव्हा माझा लांडगा शेवटी हात जोडून माफी मागायचा आणि शेळीच्या घरी भांडी घासायचा. लेक लगेच झोपून जायची. मला वाटायचं, संस्कार मुरतायत! परकरात होते तेव्हा तर विचारूच नका. पूजेतलं पुस्तक दसरा उलटायच्या आत उघडलं तर विद्या रुसते, असं कुणीतरी सांगितलेलं. एकदा वाऱ्याने भूगोलाचं पान उलटलं. मी डोळे घट्ट मिटून पळाले आणि दुधाच्या पातेल्यात पाय घातला. भूगोल पुढेही कधी आला नाही, पण त्यात पातेल्याचा काही दोष नव्हता.

ते पातेलं आठवलं आणि उपाय सुचला.

खंडेनवमीला आमच्याकडे लेथपासून फोर्कलिफ्टपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात झेंडूचे हार पडतात. वाचनालय मागे राहू नये म्हणून तिथे पुस्तकांची पूजा. पूजेचा मान यंदा तक्रारदाराला, आणि ताट धरायला वयाने मोठी म्हणून मी. मी एकेक पुस्तक पुढे करत होते, तो हळदकुंकू लावत होता. लक्ष मात्र सगळं फोटो काढणाऱ्याकडे. मधेच मी पेरूवाली सरकवली. कुंकू बरोब्बर मुखपृष्ठावरच्या आजीच्या नाकावर पडलं. त्याने फूल वाहिलं, डोळे मिटून नमस्कारही केला.

मीटिंगमध्ये म्हणाला, "आना ते पुस्तक."

मी आणलं. नाक लालभडक, कडेला झेंडूची चुरगळलेली पाकळी.

"ह्ये कुनी पुजलं?"

"तूच की. ग्रुपवर फोटो आहे."

त्याने मोबाईल काढला, फोटो मोठा करून पाहिला, परत खिशात ठेवला.

"पुजलेलं पुस्तक रद्दीच्या काट्यावर ठेवायचंय ना, मग तुझ्याच हाताने ठेव बाबा," मी म्हटलं. "फक्त तुझ्या लेथला कळू देऊ नकोस. तोही परवाच पुजलाय."

बाकीचे छताकडे बघू लागले.

"मावशी, तुमी साध्या न्हाई. लय बेरकी हाय."

"पेरू मात्र अजून चोरले नाहीत हो."

"राहू द्या मग. पर एकदम वरच्या कप्प्यात ठेवायचं. पोरांच्या हाताला लागता कामा न्हाई."

झालं! तेव्हापासून सगळ्या पोरांना स्टूल हवं असतं आणि वरच्या कप्प्यातलंच पुस्तक हवं असतं.

परवा नात नंबर लावून ते पुन्हा घेऊन बसली. मोठ्याने वाचत होती, बोट ओळीवर. तक्रारदार कपाटाची कडी दुरुस्त करायला आला होता, पाठ आमच्याकडे. आजी झाडावर, झाडाचा मालक खाली, आणि पोरगी अडली. "फां... फांद... फांद्यां..."

मी मुद्दाम गप्प बसले.

"फांद्यांमधून," कपाटाकडून आवाज आला. पोरगी सवयीने पाण्याच्या बाटलीकडे हात नेणार, तेवढ्यात स्क्रूड्रायव्हर थांबला, मान वळली. "अगं, बाटली ठेव खाली. सापडली का ती म्हातारी? वाच की पुढं!"

तिने बाटली ठेवली.