पाळत

मनीषनगरच्या जनावरांच्या दवाखान्यात ती बाई माझ्याशेजारी बसली होती. तिच्या मांडीवरच्या पिशवीतून मांजरीचं डोकं बाहेर आलेलं होतं, पण बाईची नजर माझ्या टोपलीवर होती. टोपलीत ससा होता. वयात आल्यापासून तो आमच्या म्हाताऱ्या मांजरीवर चढायचा, घरभर मुतायचा. म्हणून त्याला नसबंदीसाठी आणलं होतं.

"भाऊ, तुमचाच हाये का ससा?"

"बायकोचा. ती गेली."

"मंग आता कोनाचा?"

हिला तो फुकटात हवा असेल, असं मला वाटलं. मी टोपली जवळ ओढली.

सशाला आत नेल्यावर मी चपला घालू लागलो, तशी ती पिशवीसकट दारात येऊन उभी राहिली.

"चालले काहून? लोक ऑपरेशनले म्हनून आनतात अन् इथंच सोडून जातात. ही तशीच भेटली मले."

मला राग आला. पण परत यायचं की नाही, हे खरंच माझं ठरलेलं नव्हतं. मी परत बाकावर जाऊन बसलो.

थोड्या वेळाने तिला आत बोलावलं. ती हलली नाही.

"या भाऊचं होऊ द्या पयले," माझ्याकडे बघत ती म्हणाली.