बेलापूरचा पिवळा दिवा

नव्वदच्या दशकात मी नगरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अधिकारी होते. वय कमी आणि राग नाकावर. आमच्या खोलीत भिंतीवर दिव्यांचा फळा होता, एकेका गावाचा एकेक दिवा. बिघाड किरकोळ असला तर पिवळा लागायचा, मोठा असला तर लाल, आणि सोबत घंटी. आमची रीत अशी, की प्रत्येक गावाची वही वेगळी. घंटी बंद करायची, त्या वहीत वेळ टाकायची, सही ठोकायची. शेजारच्या वहीत काय लिहिलंय ते बघायची कुणाला गरज वाटत नसे. मलाही नाही.

एके दिवशी दुपारी बाराला लाल दिव्यांची नुसती रांग लागली. कोपरगाव, मग आसपासची गावं. घंट्यांनी डोकं उठलं. वरचे साहेब फोनवर खेकसत होते ते वेगळंच. जीप एकच होती. सगळ्यात मोठं गाव कोपरगाव, म्हणून मी तिकडेच काढायला सांगितली.

आमचे एक टेक्निशियन निवृत्तीला आले होते. त्यांची लेक कोपरगावच्या दवाखान्यात बाळंतपणाला दाखल होती, पहिलटकरीण. सकाळपासून ते फोनची वाट बघत होते आणि आता फोनच मेले. मी म्हटलं, "काका, तुम्हीच जा जीपमधून. बिघाडही बघा, लेकीलाही बघा."

ते उठले, पण वह्यांच्या कपाटाकडे गेले. "पाच मिन्टं द्या म्याडम."

माझं डोकं सणकलं. बाहेर जीप सुरू आणि हे निवांत सगळ्या वह्या पसरून कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर नोंदी उतरवतायत. गावाप्रमाणे नाही, वेळेप्रमाणे. लाल नोंदी सगळ्या दहा-पंधरा मिनिटांतल्या निघाल्या. त्यांच्या वर एकटीच सकाळी साडेनऊची: बेलापूर, बॅटरी उतरतेय, पिवळा दिवा, घंटी बंद केली. खाली माझी सही. बेलापूरच्या बॅटरीची कुरकुर रोजचीच, म्हणून मी ती सोडून दिली होती.

"ही समदी गावं बेलापूरवरनंच पुढं जात्यात," ते म्हणाले. "तिथली बॅटरी बसली म्हणून ही मुकी झाली. कोपरगावात काय बी बिघडलेलं न्हाई. जनरेटर घालून जीप बेलापूरला धाडा."

"आणि तुम्ही?"

"मी हितंच. लाईन आली की एकेक गाव तपासून घ्याया कुनीतरी पायजे."

जीप गेली. ते फळ्यासमोर बसून राहिले. मी दोनदा चहा मागवला, दोन्ही वेळा तो तसाच गार झाला.

तीनच्या सुमारास लाल दिवे विझले आणि थोड्या वेळात त्यांच्या जावयाचा फोन आला. बाराच्या आतच मुलगी झाली होती, पण लेकीचा रक्तस्राव थांबेना. रक्त कुठे मिळेल ते विचारायला डॉक्टरांना फोन लागत नव्हता. मोटरसायकलवर धाडलेला माणूस रिकामा परतला. लाईन आली तसं फोनाफोनी करून संगमनेरला रक्त सापडलं, निघालंही होतं.

संध्याकाळी दुसरा फोन आला. लेक वाचली.

"तिकडं गेलो असतो तर नुसता उशाला बसलो असतो," ते म्हणाले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

मला राहवेना. म्हटलं, "काका, सकाळी मी त्या दिव्याकडे लक्ष दिलं असतं, तर तिचे एवढे हाल झाले नसते."

"तसं न्हाई म्याडम," असं ते म्हणतील म्हणून मी थांबले. ते तसं म्हणाले नाहीत.