खंडेनवमीला बसवलेली सीट

दौंडात राहून मी विमानं दुरुस्त करतो असं सांगितलं, की समोरचा आधी आभाळाकडे बघतो आणि मग माझ्या चपलांकडे. आमच्या गावात माणसानं रेल्वेत असावं, नाहीतर रांजणगावच्या कंपनीत. माझ्या मेव्हण्याला तर अजून वाटतं की मी विमानतळावर बॅगा उचलतो. मी त्याला सुधारत बसत नाही. शिरूर आणि दौंडच्या मधल्या माळावर पायलट तयार करणारी एक लहानशी शाळा आहे. तिथल्या हँगरात, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये, मी मेकॅनिक आहे.

लोक इंजिनाबद्दल विचारतात. मला मात्र खरी धास्ती असते ती सीटची. छोट्या विमानात पायलटची सीट खालच्या दोन रुळांवर पुढे-मागे सरकते. रुळांना भोकं असतात. सीटखालची पिन त्यातल्या एका भोकात बसली की सीट हलत नाही. पिननं दगा दिलाच, तर सीट रुळावरून सुटू नये म्हणून टोकाला बोल्टनं आवळलेले अडथळे असतात, त्यांना आम्ही स्टॉप म्हणतो. सीट काढायची तर आधी स्टॉप खोलायचे, मग पिनचा दांडा उचलून सीट मागे सरकवत उतरवायची. बसवताना सगळं उलट, आणि शेवटी स्वतः बसून, पाय रेटून, एकेका भोकात पिन धरते का ते बघायचं. काम कपाट सरकवण्याइतकं सोपं. म्हणूनच माणूस त्यात हयगय करतो.

आणि हयगय केली तर काय? विमान उडण्यासाठी वेग घेतं तेव्हा सगळा रेटा मागच्या बाजूला असतो. त्याच वेळी सीट घसरली, तर पायलट हाताला लागेल ते धरतो, आणि हाताला लागतं विमानाचं स्टिअरिंग. ते ओढलं की नाक वर. जमीन सोडल्यासोडल्या नाक असं उभं राहिलं तर पुढे काय होतं, ते मी इथे लिहीत नाही. आमच्या धंद्यात ते सगळ्यांना माहीत असतं.

त्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी मी एका विमानाची डावी सीट बाहेर काढली होती. पिनची स्प्रिंग ढिली झाली होती. पिन कधी बसायची, कधी नुसतीच बसल्यासारखी वाटायची. नवी स्प्रिंग सणानंतर येणार होती. मी स्टॉप खोलून त्यांचे बोल्ट पिशवीत घालून ठेवले आणि स्टिअरिंगला लाल पट्टी बांधली. लाल पट्टी म्हणजे या विमानाला कोणी हात लावायचा नाही. आमच्याकडे तिचा दरारा मालकापेक्षा जास्त आहे.

आमच्या हँगरचा रिवाज असा, की खंडेनवमीला दुपारी सगळी हत्यारं धुऊन-पुसून लाल कापडावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि दसऱ्याचा दिवस मावळेपर्यंत एकही पाना उचलायचा नाही. पूजा आप्पांची. आप्पा हँगरातले माझे जोडीदार, शिरूरकडचे, माझ्याहून वयानं आणि नोकरीनं मोठे, घरी ऊस, गावच्या सोसायटीत वजन. मी बौद्ध. मी पूजेला बसत नाही, पेढ्याला मात्र नाही म्हणत नाही, आणि आप्पा दरवर्षी म्हणतात, "भाऊ, देव नगं आन् परसाद पायजे व्हय?" मी म्हणतो, पेढ्याला कुठं धर्म असतो? असं आमचं छान चाललेलं. त्या दिवशी पेढा खाऊन मी घरी निघालो, तेव्हा सीट भिंतीला टेकवलेली होती आणि लाल पट्टी जागेवर होती.

दसऱ्याला, म्हणजे आमच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, सकाळी आम्ही नवरा-बायको पांढरे कपडे घालून विहारात निघालो होतो. बायको कुलूप लावेपर्यंत मी फोन काढला. हँगरच्या ग्रुपवर पूजेचे फोटो आले होते. विमानांना हार, पंख्यांना कुंकू. आणि माझ्या विमानाच्या स्टिअरिंगवर, जिथे लाल पट्टी बांधली होती तिथे, झेंडूची माळ. पट्टी नाही. मागे सीट दिसत होती. रुळावर, जागच्या जागी, नीटनेटकी.

स्टॉप बसवायला पाना लागतो आणि पाने तर पूजेत. म्हणजे सीट नुसती रुळावर चढवून ठेवलेली. त्यात मालकांची हौस अशी, की दसऱ्याला प्रत्येक विमानानं मुहूर्ताची एक फेरी मारायचीच. ती फेरी मारणार होती आमची शिकवणारी पायलट. शिरूरची मुलगी, माझ्या लेकीच्या वयाची. मला मामा म्हणते. विमानाची वही बघितली असती तर तिला कळलं असतं, पण वही ऑफिसात, आणि ऑफिसला सणाचं कुलूप. पट्टी नाही म्हणजे विमान मोकळं, असंच ती समजणार होती.

तिला फोन लावला. उचलला नाही. स्कूटीवर असली की ती उचलत नाही, आणि तसं मीच तिला बजावलेलं. आप्पांना लावला तर बंद. नंतर कळलं की मोबाइलसुद्धा हत्यारच, म्हणून आप्पांनी तोही पूजेत ठेवला होता आणि तिथेच त्याची बॅटरी संपली होती. बायकोला म्हटलं, तू रिक्षानं पुढे हो. तिनं माझा चेहरा बघितला. नुसतं म्हणाली, "सावकास जावा." मी काही सावकाश गेलो नाही. उसाच्या ट्रॉल्यांना आणि रस्त्यातल्या खड्ड्यांना शिव्या घालत मी गाडी हाणली. पांढऱ्या कपड्यांत आणि त्या दिवशी शिव्या देऊ नयेत, पण दिल्या.

पोचलो तेव्हा विमान शेडबाहेर होतं आणि पंखा फिरत होता.

फिरत्या पंख्याकडे पळायचं नसतं, एवढं भान होतं. मी डाव्या बाजूला, तिला दिसेन असा, लांब उभा राहिलो आणि हात गळ्यावरून आडवा फिरवला. इंजिन बंद कर, ही आमची खूण. तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या पांढऱ्या कपड्यांकडे बघितलं. मला तो क्षण फार लांबला असं वाटलं. मग पंखा थांबला.

"काय झालं मामा? कुणाला काय झालं का?" दार उघडून तिनं विचारलं.

"कुणाला काय न्हाई. सीट बसलीय का तुझी?"

"बसलीय की. टक् आवाज आला."

"पाय रेट. जोरात मागं रेट."

ती जराशी वैतागली. आपल्याला एवढंही कळत नाही असं या माणसाला वाटतं, असा तो चेहरा होता. तिनं पाय रेटले. पिन सुटली. सीट सरसर मागे गेली, रुळांच्या टोकावरून उतरली आणि तिला घेऊन मागच्या बाकावर कलंडली. तिथे तिनं काढून ठेवलेली माळ होती, ती चुरगळली. पण मी बघत होतो ते तिच्या हातांकडे. दोन्ही हातांनी तिनं स्टिअरिंग धरलं होतं आणि हात सुटेपर्यंत ते पार शेवटापर्यंत स्वतःकडे ओढलं होतं.

विमान जमिनीवर होतं. चाकांखाली खडी होती. ती तशीच आडवी पडून छताकडे बघत राहिली आणि मग एकदम हसायला लागली. मीही हसलो. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी पंखाखालचा खांब धरून उभा राहिलो. इतकं हलकं मला लेकीच्या बाळंतपणानंतरसुद्धा वाटलं नव्हतं.

मग मला राग आला. आप्पा आपट्याची पानं घेऊन येत होते, त्यांच्यावर मी ओरडलो. आजूबाजूला कोणी नव्हतं म्हणून बरं. पट्टी कुणी काढली?

आप्पा उघड्या दारातून कलंडलेली सीट बघत राहिले. "म्या काढली," ते म्हणाले. "तू गेल्यावर हार घालताना ते लाल फडकं अपशकुनी दिसत हुतं. माळ घातली तिथं. आन् बिनसीटीचं इमान भुंडं दिसाया लागलं, म्हनून सीट चढवली. म्हनलं सणाची शोभा. सकाळच्याला काढून ठेवनार हुतो, तर ध्यानातच न्हाई ऱ्हायलं."

मी आणखी बोलणार होतो. पण आप्पा वळले, शेडमध्ये गेले, लाल कापडावर वाकले आणि हळदकुंकू लागलेला पाना उचलून घेऊन आले. दिवस मावळायला अजून सगळा दिवस होता. इतक्या वर्षांत आप्पांनी हे कधी केलं नव्हतं.

शेजारच्या बंद विमानातली चांगली स्प्रिंग आम्ही काढून इकडे घातली आणि लाल पट्टी त्या विमानाला बांधली. सीट चढवली, स्टॉप आवळले. माझ्या पांढऱ्या सदऱ्याला कुंकू आणि ग्रीस दोन्ही लागलं. मग आम्ही तिघंही पाळीपाळीनं त्या सीटवर बसलो आणि एकेका भोकात पिन घालून पाय रेटले. आप्पांनी तर इतके रेटले की मला सांगावं लागलं, पेडल मोडाल.

फेरी तिनं मारलीच. नको म्हटलं तरी मारली. ती वर असेपर्यंत आप्पा आणि मी शेजारी उभे होतो. ऊन चढलं होतं, पण सावलीत जाऊ असं दोघांपैकी कोणीच म्हणालं नाही. चाकं टेकली तेव्हा आप्पांनी डोळे पुसले. मी दुसरीकडे बघितलं.

ती उतरली, आप्पांच्याच हातातलं आपट्याचं पान घेऊन त्यांना द्यायला पुढे आली आणि रीतीप्रमाणे पाया पडायला वाकली. आप्पा झटकन मागे सरले.

"नगं पोरी. आज तुझा नमस्कार घ्यायचं माझं तोंड न्हाई."

तिनं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग पान त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

"बरं, उद्या घ्या मग," ती म्हणाली. "उद्या हायेच की मी."

ती स्कूटीकडे गेली. आप्पा तिथेच खडीवर खाली बसले आणि मीही त्यांच्या शेजारी बसलो.