हिऱ्याचा गोंडा आणि साहेबाची छत्रीमाशी

ऐन पोळ्याच्या सकाळी मी सासऱ्यांच्या बैलाच्या शेपटीचा गोंडा कापला. हेतू चांगला होता.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. औरंगाबादेत मी कारकून होतो आणि आमचा गोरा इंजिनिअर साहेब मासेमारीपायी वेडा होता. गळाला तो गांडूळ लावत नसे, केस-पिसं बांधून खोटी माशी करायचा. त्यात त्याची लाडकी छत्रीमाशी. मधे पांढऱ्या केसांचा उभा खुंट, बुडाशी रेशमाचे घट्ट वेढे, आणि खुंटाभोवती कोंबड्याच्या मानेचं पीस आडवं गुंडाळायचं, एकाखाली एक. शेवटची गाठ पिसाच्या खाली. मग ती माशी छत्री लावून विमानातून उतरणाऱ्या शिपायासारखी पाण्यावर अलगद टेकते. हिमरू विणणाऱ्यांच्या गल्लीत वाढलेला मी (रेशमाशी बोटांची ओळख जुनी) महिन्याभरात साहेबापेक्षा बरी माशी बांधू लागलो. शेफारलोच म्हणा ना.

खुंटासाठी शेपटीचे पांढरे केस लागत. आता आपल्याकडं बैल कितीही पांढरा असो, गोंडा काळाच. अपवाद एक, खुलताबादेजवळच्या माझ्या सासऱ्यांचा हिऱ्या. त्या पांढऱ्या गोंड्यावर सासऱ्यांचा पोरींपेक्षा जास्त जीव. पंचमीला माहेरी गेलेली माझी बायको सुभद्रा पोळा झाला की माझ्यासोबत परत यायची होती. (थोरले जावई हिऱ्याला नुसतं 'थकला' म्हणाले, तर त्यांची बायको दिवाळीपर्यंत माहेरीच राहिली.)

मला हवे होते चिमूटभर केस. कात्री लावली आणि नेमकी तेव्हाच हिऱ्यानं माशी हाकलायला शेपटी झटकली. खरी माशी! अख्खा गोंडा माझ्या मुठीत आला.

"अवं, काय केलं हे?" मागं सुभद्रा उभी होती.

"चिमूटभरच घेणार होतो."

"आता आबा मला बी चिमूटभरच पाठवतील."

मी गोंडा मुठीत धरून तिथंच खाली बसलो. ती मात्र आबांचीच लेक. म्हणाली, "बसू नका असं. ते साहेबाचं काय बांधता, ते इथं बांधा. मी कोंबडा धरते."

शेपटीला बोटभर केस उरले होते. त्यांना गोंडा जोडला, मेण लावलेल्या रेशमाचे वेढे दिले, गच्च. तरी जोड दिसतच होता. मग त्यावर तांबडी पिसं आडवी गुंडाळली, थेट साहेबाच्या पद्धतीनं. हिऱ्यानं दोन लाथा झाडल्या, एक लागली. सासूबाईंचा कोंबडा मानेनं उघडा पडला. अर्ध्या तासात हिऱ्याच्या शेपटीवर वीतभर रुंद छत्रीमाशी तयार झाली.

तेवढ्यात सासरे झूल घेऊन आले. त्यांनी शेपटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"जावईबापू, हे काय?"

"मामा, शहरात सध्या असंच सजवतात." मी अंगावरची पिसं झटकत म्हणालो.

"बरं," एवढंच म्हणून त्यांनी झूल घातली.

दुपारी वेशीत सगळे बैल जमले. पाटील हिऱ्याच्या मागं जाऊन उभे राहिले. "शेपटीला काय हे?"

"औरंगाबादची रीत हाय," सासरे मिशीवर हात फिरवत म्हणाले. "आमच्या जावयाची करामत."

झालं. पाटलाच्या बैलाला हवी, म्हणून कुलकर्ण्याच्या बैलालाही हवी. मिरवणूक तोरणाखाली अडली आणि मी एकेका शेपटीमागं उकिडवा बसलो. गावातले कोंबडे घराघरांतून ओरडत होते. रेशीम संपलं तेव्हा कुठं सुटलो.

दुसऱ्या दिवशी सुभद्रा गाडीत माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझा जीव भांड्यात पडला. सासरे चाकापाशी आले.

"पोरगी न्या खुशाल. फकस्त दर पोळ्याला आठ दिस आधी येत जा. लई काम असतंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन् कात्री लावायच्या आधी शेपटी धरायची असती. मी कडब्याच्या गंजीवरनं बघत व्हतो."

साहेबाला हिऱ्याच्या केसांची एकही माशी मिळाली नाही. मी मात्र दरसाल आठ दिवसांची रुखसत काढून जात राहिलो. शेपट्या बांधल्या, बैल धुतले, गोठा झाडला, जावयाचा मान म्हणून गंजीही रचली. माशी इतकी अलगद टेकावी की माशाला कळूच नये, असं साहेब म्हणायचा. आपण सासऱ्यांच्या गळाला लागलोय, हे मला कळायला चार पोळे लागले.